वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : जर्मन लोकरॉकची ओढ

मागील एका अंकात लोकगीतांवर लिहिताना पश्चिम जर्मनीत १९७० च्या आसपास उदयाला आलेल्या लोकरॉक संगीताचा या सदरात ओझरता उल्लेख आला होता. जुन्या गाण्यांची वा जुन्या वळणाची चाल, तिला विजेवरच्या गिटारीची आणि ड्रमची जोड, आणि तीन मिनिटांच्या मर्यादेत न मावणारी लांबलचक रचना, असे त्या संगीताचे ढोबळ वर्णन आम्ही केले होते. त्या चार ओळींवर यवतमाळ, वर्धा, अमरावती, भंडारा आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील खेड्यांतून पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत मला ‘होल्डरलिन’ या जर्मन वाद्यवृंदाची १९७२ सालची तबकडी मोबाईलवर ऐकवली. एक शब्द कळला नाही आणि चालही नीट लक्षात राहिली नाही, तरी तेव्हापासून ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते. याला लोकसंगीत म्हणावे की रॉक? आणि न कळणाऱ्या गाण्यात माणसाला ओढ कशाची लागते?
— एक शिक्षक, दिग्रस तालुका

उत्तर : गुरुजी, ते दोन्ही आहे आणि दोन्हीही अर्धेच आहे. आपल्याला लागलेली ओढ त्या अर्धेपणातूनच येते, असे आमचे मत आहे. मात्र ते पटण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

इंग्लंडमध्ये याच सुमारास ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ आणि ‘पेंटँगल’ यांसारखे वाद्यवृंद जुनी पोवाडावजा गीते विजेच्या गिटारीवर वाजवू लागले होते. फेअरपोर्टची ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी १९६९ ची आहे. त्या मुलांपुढे एक मोठी सोय होती : आजीपणजीची गाणी संग्रहांत जपलेली होती, ती गाताना कोणाला अपराधी वाटत नव्हते, आणि प्रश्न फक्त ती नव्या वाद्यांवर कशी बसवावी एवढाच होता. जर्मन मुलांना ही सोय नव्हती. वास्तविक लोकगीतांचा गौरव करण्यात जर्मनी एके काळी साऱ्या युरोपाच्या पुढे होता. अठराव्या शतकात हेर्डर या जर्मन विचारवंताने लोकगीत ही कल्पनाच विद्वानांच्या चर्चेत आणली, आणि १८०५ ते १८०८ या काळात आर्निम आणि ब्रेंटानो या दोघा कवींनी लोकगीतांचा मोठा संग्रह तीन खंडांत छापला. विसाव्या शतकाच्या आरंभी पाठीवर पिशवी आणि हातात गिटार घेऊन रानावनांतून भटकणाऱ्या तरुणांच्या ‘वांडरफोगेल’ चळवळीने तीच गाणी पुन्हा ओठांवर आणली, आणि १९०९ साली निघालेले त्यांचे गीतपुस्तक घरोघरी पोहोचले. मग १९३३ नंतर नाझींनी हा सारा ठेवा उचलला. शाळेत, युवक शिबिरांत, शेकोटीभोवती आणि कूच करताना तीच गाणी सक्तीने म्हणवून घेण्यात आली. युद्ध संपल्यावर १९४५ च्या आगेमागे जन्मलेली पिढी मोठी झाली, तेव्हा बापाच्या तोंडून लोकगीत ऐकताना तिला पहिल्यांदा प्रश्न पडे तो हा, की बापाने हे गाणे कुठे आणि कोणासोबत म्हटले होते. फ्रान्झ योझेफ डेगेनहार्ट या गायक कवीने साठच्या दशकातील एका गीतात आमची जुनी गाणी मास्तरांनी चावून टाकली, तपकिरी गणवेशातल्या नाझी टोळ्यांनी ओरडून ओरडून मारली आणि बुटांनी चिखलात तुडवली अशा अर्थाची तक्रार केली आहे. त्या पिढीची मनःस्थिती याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला प्रयत्न हुन्सरुक या डोंगराळ भागातील बुर्ग वाल्डेक या पडक्या किल्ल्याच्या परिसरात झाला. तेथे १९६४ ते १९६९ दरवर्षी गायकांचा मेळावा भरत असे. पीटर रोलांडसारख्या गायकांनी तेथे वेगळीच जुनी गाणी पुढे आणली. ती सैन्यातून पळालेल्या शिपायांची, वेठबिगारीला कंटाळलेल्या शेतमजुरांची आणि उपाशी विणकरांची गाणी होती. पूर्व बर्लिनमधील विद्वान वोल्फगांग श्टाइनिट्झ यांनी १९५४ आणि १९६२ साली दोन खंडांत ती छापली होती. नाझींनी ही गाणी वापरलीच नव्हती, त्यामुळे ती निर्मळ मानली गेली. पण १९६८ आले आणि त्याच मेळाव्यात विद्यार्थी चळवळीतील तरुणांनी मंच अडवला आणि गिटारी कोपऱ्यात ठेवून चर्चा करा अशी मागणी केली. गाणे म्हणजे वेळकाढूपणा आहे असे उघडपणे म्हटले जाऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात एसेन या कोळसा-पोलादाच्या शहरात मोठा गीतमहोत्सव भरला. त्यात लोकगायक, निषेधगीते गाणारे आणि विजेच्या वाद्यांचा कल्लोळ करणारे नवे जर्मन रॉक वाद्यवृंद एकाच मांडवाखाली आले. आपल्याला आवडलेल्या संगीताची नाळ त्या पाच दिवसांपर्यंत जाते.

आता होल्डरलिनकडे येऊ. वुपरटाल शहरातील ही मुले आरंभी इंग्रजी लोकरॉकच वाजवीत. नंतर त्यांनी स्वतःच्या रचना केल्या आणि त्या जर्मन भाषेत गायल्या. आज ही गोष्ट साधी वाटेल, परंतु त्या काळी पश्चिम जर्मनीत रॉक म्हणजे इंग्रजी असे समीकरण होते आणि जर्मन भाषेत गायचे ते हलकेफुलके बाजारी गाणे असा समज होता. त्यांनी नाव घेतले ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील कवी फ्रीडरिख होल्डरलिन यांचे, ज्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध भ्रमिष्टावस्थेत एका सुताराच्या घरच्या मनोऱ्यात गेला. म्हणजे लोकगीत थेट उचलता येत नाही, म्हणून या मुलांनी नव्या कविता केल्या, त्यांना जुन्या वळणाच्या चाली दिल्या आणि आपल्यापुरती एक परंपरा घडवून घेतली.

आपण ही तबकडी पुन्हा लावाल तेव्हा एक गोष्ट मुद्दाम ऐकून पाहा. विजेविना वाजणाऱ्या साध्या गिटारीवर चाल सुरू होते, बासरी तिच्या मागोमाग येते, आणि मग व्हायोलिन किंवा व्हायोला हळूच तीच चाल घेऊन दुसरीकडे वळवते. गायिका येते ती कडव्याच्या सुरुवातीला आपण अपेक्षा करतो तेथे येत नाही, थोडी उशिरा येते, आणि आवाजाला ठाशीवपणा देत नाही. मागे मधूनमधून जो तंतुवाद्यांच्या ताफ्यासारखा धूसर सूर ऐकू येतो तो मेलोट्रॉन या यंत्राचा आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या फितीचा एक तुकडा असतो आणि पट्टी दाबली की तो तुकडा वाजतो, पण फक्त आठेक सेकंद. सूर त्याहून जास्त वेळ धरता येत नाही, म्हणून वादकाला बोटे सतत बदलावी लागतात. त्या यंत्राच्या आवाजात एक प्रकारचा श्वास लागल्यासारखा परिणाम येतो तो त्यामुळे. या तबकडीतील दोन जागा आमच्या मते विनाकारण लांबल्या आहेत आणि सर्वच काव्य वरच्या प्रतीचे नाही, हेही सांगून टाकतो.

आता ओढीविषयी. आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात तेव्हा एकाही मुलीच्या मनात हे गाणे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे का असा प्रश्न येत नाही. गाणे तिच्या आईचे आहे आणि म्हणून तिचे आहे. होल्डरलिनच्या गाण्यात तो निवांतपणा मुळीच नाही. तेथे प्रत्येक सूर अंदाज घेत पुढे जातो, चाल जुनी वाटते पण ती कोणाचीच नाही, आणि गाणारा माणूस हरवलेल्या गोष्टीची जागा चाचपून पाहतो आहे हे भाषा न कळणाऱ्यालाही ऐकू येते. आपल्याला चाल लक्षात राहिली नाही असे आपण लिहिता, ते अगदी बरोबर आहे. ती लक्षात राहावी अशी बांधलेलीच नाही. आपण पुन्हा ऐकता ते चालीसाठी नव्हे, तो शोध पुन्हा ऐकावासा वाटतो म्हणून.

जाता जाता आपल्या पेशाशी संबंधित एक गोष्ट सांगतो. हाम्बुर्गच्या ‘औगेनवायडे’ या वाद्यवृंदाने वाल्थर फोन डेर फोगेलवायडे या सुमारे ११७० ते १२३० या काळातील कवीचे एक पद गायले आहे. छडीने मुलांना वळण लावता येत नाही, ज्याला मानाने वाढवता येते त्याला शब्दही फटक्याइतकाच पुरतो, असा त्याचा अर्थ आहे. त्यातली गंमत अशी, की कडव्यातील ओळी मध्यापर्यंत जाऊन त्याच क्रमाने उलट परत येतात. आठशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश वर्गात वाचून दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : यातल्या बऱ्याच तबकड्यांत तबला आणि सतार ऐकू येते. आम्ही खंजेरी भजन मंडळात गाणाऱ्या मुली आहोत, आणि आम्हाला तो तबला ऐकून हसू येते, कारण सम कुठे आहे तेच सापडत नाही. ही आपल्या संगीताची आवड म्हणायची की नुसती फॅशन?
— एक युवती, तिवसा तालुका

उत्तर : ताई, हसू येणे योग्यच आहे. खंजेरीवर बोट पडताच सम कुठे येणार हे ज्यांच्या अंगात मुरले आहे, त्यांना डुइसबुर्गच्या ‘ब्रोझेलमशिने’ची १९७१ ची तबकडी ऐकताना, विशेषतः फुलपाखराच्या नावाचे ते लांब गीत ऐकताना, तबलजी कुठे चालला आहे असेच वाटेल. तेथे तबला ताल धरण्यासाठी नाही, एका विशिष्ट पोतासाठी आहे. सतारही राग मांडत नाही, एकाच स्वराभोवती घोटाळत राहते. १९६५ पासून बीटल्समुळे आणि पंडित रविशंकर यांच्या मैफलींमुळे सतार पाश्चात्त्य तरुणांच्या घरात शिरली होती, आणि तिच्यात फॅशनचा भाग मोठा होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरी त्या एका शब्दाने विषय संपवू नये असे वाटते. आपल्या मातीतले लोकगीत वापरणे जेथे अवघड झाले होते, तेथे दुसऱ्याच्या मातीतले वाद्य हाती घेणे ही एक सुटकेची वाट होती, कारण त्या वाद्याने कोणत्याही संचलनात साथ केलेली नव्हती. दुसरे असे, की एका आधारस्वरावर गाणे तोलून धरणे ही आपल्या तंबोऱ्याची कल्पना त्यांनी बाहेरून उसनी घेतली तरी ती त्यांच्या गाण्यात रुजली. म्युनिकच्या ‘पोपोल वू’ या वाद्यवृंदाची १९७२ ची ‘होझियाना मंत्र’ ही तबकडी ऐकून पाहा. फ्लोरियान फ्रिके यांच्याकडे जर्मनीतील पहिल्या काही मूग सिंथेसायझरपैकी, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्रांपैकी, एक होता, पण तो बाजूला ठेवून ते या तबकडीत पियानोकडे वळले. सोबत ओबो हे सनईच्या जातीचे पाश्चात्त्य वाद्य, व्हायोलिन, विजेची गिटार आणि तंबोरा आहे, आणि ढोल, ड्रम यांपैकी काहीच नाही. गाणारी जोंग युन ही कोरियन संगीतकार इसांग युन यांची मुलगी. तबकडीच्या नावातच ख्रिस्ती जयजयकार आणि आपला मंत्र शेजारी शेजारी आहेत. ही तबकडी आम्ही या सगळ्या संगीतात सर्वांत वर ठेवतो. तेथे तंबोरा दाखवण्यासाठी ठेवलेला नाही. तो काढला तर गाणे कोसळेल.

प्रवासाचे श्रम घेतलेले लोकही होते. म्युनिकचाच ‘एम्ब्रियो’ हा वाद्यवृंद १९७८-७९ मध्ये बसने इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे भारतात आला, वाटेत स्थानिक वादकांबरोबर बसून वाजवत राहिला, आणि त्या प्रवासावर माहितीपटही निघाला. एम्ब्रियोला शुद्ध लोकरॉक म्हणता येणार नाही, त्यांचा ओढा जॅझकडे होता. पण शिकण्यासाठी समोर बसणे आणि पोतासाठी उसने घेणे यांतला फरक ऐकायचा असेल तर ब्रोझेलमशिनेनंतर लगेच त्यांना ऐका. ब्रोझेलमशिनेच्या पीटर बुर्श यांच्याविषयी मात्र एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. १९७५ साली त्यांनी लिहिलेले गिटारचे शिकवणी-पुस्तक वापरून जर्मनीतल्या पिढ्या गिटार शिकल्या. सतारीत त्यांनी फारसे साधले नाही, गिटार मात्र अनेकांच्या हाती दिली.

प्रश्न : लंगड्या घोड्याचा पाय बरा करण्याचा मंत्र एका जर्मन रॉक गाण्यात आहे असे माझ्या पुतण्याने सांगितले. आमच्याकडे बैलाचा पाय मुरगळला तर जुने लोक मंत्र टाकत असत. हे खरे आहे काय?
— एक कास्तकार, घाटंजी तालुका

उत्तर : होय, दादासाहेब, पुतण्याने खरेच सांगितले आहे, आणि गोष्ट आपण समजता त्याहून जवळची आहे.

मेर्सेबुर्ग या गावातील कॅथीड्रलच्या ग्रंथालयात १८४१ साली गेओर्ग वाइट्झ या इतिहासकाराला लॅटिन धर्मग्रंथांच्या एका जुन्या हस्तलिखिताच्या कोऱ्या पानावर दहाव्या शतकात कोणीतरी लिहून ठेवलेले दोन मंत्र सापडले. याकोब ग्रिम यांनी ते १८४२ साली प्रसिद्ध केले. जुन्या जर्मन भाषेत ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या देवांची नावे असलेले असे मजकूर जवळजवळ नाहीतच, म्हणून त्यांचे मोल फार. पहिला मंत्र बेड्यांतून सुटण्याचा आहे. दुसऱ्यात फोल आणि वोदान हे दोन देव रानात घोड्यांवरून जातात, बाल्डरच्या शिंगराचा पाय मुरगळतो, काही देवी मंत्र म्हणतात, मग वोदान स्वतः म्हणतो, आणि शेवटी हाड हाडाला, रक्त रक्ताला, सांधा सांध्याला असे जुळो की जणू चिकटवले आहे, असा आदेश येतो.

आता आपल्या अथर्ववेदाचे चौथे कांड काढा आणि बारावे सूक्त पाहा. मोडलेले हाड सांधणाऱ्या रोहिणी वनस्पतीला उद्देशून ते आहे, आणि मज्जा मज्जेशी जुळो, कातडे कातड्याशी वाढो, हाड हाडाशी सांधो अशाच क्रमाने ते चालते. ही जुळणी १८६४ साली आडालबेर्ट कून या जर्मन पंडिताने दाखवून दिली. दोन्हींचा उगम एक, की दुखण्यावर माणसाला हीच भाषा सुचते, यावर पंडितांत अद्याप वाद आहे. आम्ही त्यात पडत नाही.

औगेनवायडेने १९७४ च्या तबकडीत हा मंत्र गायला. मूळ चाल कोणालाच माहीत नसल्याने ती त्यांनी स्वतः बांधली, आणि ती इतकी बेमालूम बसली की पुढच्या पिढीतील वाद्यवृंदांनी ती जुनी परंपरागत चाल असल्याप्रमाणे उचलली. येथे एक सावधगिरीची सूचना. नाझींनाही वोदानादी जुन्या देवांचे प्रेम होते, त्यामुळे मध्ययुगापलीकडे उडी मारली म्हणजे डाग टळला असे होत नाही. औगेनवायडे त्यातून सुटले ते वीरश्रीच्या थाटाने न गाता घरगुती थाटाने गायल्यामुळे. त्यांच्या गाण्यात वोदान हा सेनापती वाटत नाही, जनावराच्या पायाला हात घालणारा गावातला जाणता माणूस वाटतो. बैलाचा पाय सुजला असेल तर मात्र पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

प्रश्न : आपल्याकडे भजन, भारूड, दंडार, खडी गंमत असा ठेवा मरणपंथाला लागला असताना परक्यांच्या गाण्यावर पाने का वाया घालवता?
— एक निवृत्त ग्रामसेवक, मेहकर तालुका

उत्तर : दंडारीवर याच सदरात आम्ही पूर्वी दोनदा लिहिले तेव्हा एकही पत्र आले नाही, या वेळी मात्र पत्रांची थप्पी लागली. वाचक ज्याविषयी विचारतात त्याविषयीच आम्हाला लिहिता येते. दंडारीवर आपण प्रश्न पाठवावा, पुढचा अंक आपला.

प्रश्न : इतके चांगले होते तर हे संगीत तीन-चार वर्षांतच का आटले?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, आर्णी

उत्तर : मुख्यतः पैशामुळे आणि एका माणसामुळे. एसेनचा १९६८ चा महोत्सव घडवून आणणारे पत्रकार रोल्फ-उलरिख कायझर यांनी १९७० मध्ये ‘ओअर’ आणि १९७१ मध्ये ‘पिल्त्स’ या तबकड्यांच्या शाखा उभ्या केल्या. कान आणि आळंबे अशी त्यांची नावे होती. लोकगीताकडे झुकलेले जवळजवळ सगळे वाद्यवृंद पिल्त्सकडे आले. होल्डरलिन, ब्रोझेलमशिने, पोपोल वू, एमटिडी, विटह्यूझर आणि वेस्ट्रुप ही जोडी, हे सारे त्याच छापाखाली १९७१-७२ या दोन वर्षांत निघाले. ध्वनिमुद्रण बहुधा कोलोनजवळच्या श्टोमेल्न या लहानशा गावात डीटर डिर्क्स यांच्या स्टुडिओत होई, आणि डिर्क्स अनेकदा स्वतःही वाजवीत. एकाच स्टुडिओत सगळी मंडळी ये-जा करीत असल्याने ब्रोझेलमशिनेची सतार आणि तबला होल्डरलिनच्या तबकडीतही पाहुणे म्हणून आले आहेत.

नंतर कायझर यांचे मन अवकाशसंगीत आणि नशेच्या प्रयोगांकडे वळले, वादकांशी कज्जे सुरू झाले, आणि १९७५ च्या सुमारास ते सार्वजनिक जीवनातून नाहीसे झाले. पिल्त्स त्याआधीच बंद पडले होते. होल्डरलिन दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि १९७५ पासून अधिक गुंतागुंतीचे, कमी लोकवळणाचे संगीत करू लागले. दुसऱ्या बाजूला शुद्ध लोकगायनाची नवी लाट आली. ‘झुपफगायगेनहान्सेल’ या जोडीने १९७४ पासून बंडखोर जुनी गाणी आणि युरोपातील ज्यूंच्या यिदिश भाषेतील गाणी विजेच्या वाद्यांशिवाय गायली. नाव त्यांनी १९०९ च्या त्याच गीतपुस्तकाचे घेतले होते, म्हणजे जे नाव उच्चारायला दहा वर्षांपूर्वी लोक कचरत होते ते आता फलकावर लिहिता येऊ लागले. कोंडी फुटल्यावर लोकरॉकचा वळसा घालून जाण्याची गरज उरली नाही, हेही आटण्याचे एक कारण आम्ही मानतो.

प्रश्न : आमच्या गावात नेट धड चालत नाही. सुरुवात कोणत्या तबकडीपासून करावी?
— एक गृहिणी, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : तालुक्याच्या गावी गेल्यावर एकदम तीन तबकड्या उतरवून ठेवा, म्हणजे अर्धवट तुटलेली गाणी ऐकावी लागणार नाहीत. पहिल्यांदा ‘एमटिडी’ची १९७२ ची ‘झाट’ ऐका. माइक हिर्शफेल्ड आणि कॅनडाहून आलेल्या डॉली होम्स या दोघांची ती आहे, काही गीते इंग्रजीत व काही जर्मनमध्ये आहेत, आणि नावाचा अर्थ पेरणी असा असल्याने आपल्या भागात ती परकी वाटू नये. तिच्यातील सर्वांत लांब गाणे अकरा-बारा मिनिटांचे आहे, ते पहिल्याच दिवशी ऐकू नका. त्यानंतर होल्डरलिन, आणि शेवटी पोपोल वू. मोबाईलच्या छोट्या भोंग्यावर मेलोट्रॉन आणि तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाहीत, म्हणून साधे का होईनात पण कानाला लावायचे हेडफोन वापरावेत. विटह्यूझर आणि वेस्ट्रुप यांच्या विनोदी आणि चावट तबकड्या भाषा आल्याशिवाय फिक्या लागतात. त्या तूर्त बाजूला ठेवाव्यात.

प्रश्न : मी खडी गंमतीत ढोलकी वाजवतो. आमच्या गावातील मुले गणेशोत्सवात खडी गंमतीच्या चाली डीजेवर वाजवतात आणि त्यालाच फ्युजन म्हणतात. जर्मन मुलांनी केले तसे आपल्याला करता येईल काय? करायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— एक ढोलकीवादक, लाखनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : शाहीर, करता येईल, पण जर्मन मुलांची नक्कल करून नाही. त्यांच्यापुढे गाणे डागाळल्याची अडचण होती, आपल्यापुढे ती नाही. आपल्यापुढची अडचण अशी, की गाणारे म्हातारे झाले आणि शिकणारे नागपूर-पुण्याला गेले. म्हणून त्यांची धाटणी उपयोगी नाही, त्यांच्या कामाच्या दोन सवयी मात्र उपयोगी आहेत.

पहिली सवय जागा सोडण्याची. फेअरपोर्टपासून होल्डरलिनपर्यंत सर्वांनी कडव्यांच्या मध्ये वाद्यांना लांब जागा दिली, आणि गायन चालू असताना मात्र विजेची वाद्ये मागे घेतली. डीजेवर नेमके उलट होते. खालचा ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा चालतो आणि ढोलकीच्या शाईवरची बोटांची कामगिरी, चाटीवरचा खणखणीत बोल, तुणतुण्याचा धरलेला सूर हे सगळे त्याखाली दबते. खडी गंमतीत शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात आणि मग ढोलकीला चार आवर्तने मिळतात. ही रचना मुळातच लोकरॉकला सोयीची आहे. त्या चार आवर्तनांची सोळा करा, तेथे गिटार येऊ द्या, आणि झीलकरी पुन्हा आले की गिटार थांबवा.

दुसरी सवय लयीची. विजेच्या ड्रमची लय यंत्राच्या काट्यासारखी सरळ चालते, पण आपल्या ढोलकीची लय रात्र चढते तशी चढते आणि शाहिराच्या शब्दाप्रमाणे ताणते. ड्रम ढोलकीच्या मागे चालला पाहिजे, ढोलकी ड्रमच्या मागे नव्हे. औगेनवायडेच्या १९७३-७४ च्या तबकड्यांत हातांनी वाजवायची छोटी तालवाद्ये पुढे आहेत, त्या ऐकून हा मुद्दा लगेच लक्षात येईल. म्हणून पहिल्या तालमीला संगणकावरचा ठोका लावूच नका. आपण, एक झीलकरी, तुणतुणेवाला आणि गिटार येणारा एक मुलगा एवढेच बसा, गावातल्या एखाद्या जुन्या शाहिराला समोर बसवा, आणि एकच लावणी निवडून त्यांना तिच्या चालीत कुठे थांबायचे, कुठे ताणायचे ते सांगू द्या. ते सांगताना मोबाईलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे, कारण गिटार बसली नाही तरी ते मुद्रण गावापाशी राहील. तालीम झाल्यावर मुद्रण आमच्याकडे पाठवलेत तर लयीविषयी आणखी काही सुचवता येईल.